मिड-पॉवर रॉकेटचं किट मॅन्युअलपेक्षा पावणेदोनशे ग्रॅम जड झालंय, पहिल्या उड्डाणाला एफ मोटर की थेट जी?

लंबक:
नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत बी आणि सी मोटरवाली (अक्षर पुढचं तशी मोटर मोठी) छोटी रॉकेटं भरपूर उडवली (त्यातली दोन परत आलीच नाहीत), आता पहिल्यांदाच मिड-पॉवरचं, म्हणजे मधल्या ताकदीचं किट बांधलंय. ६६ मिमी व्यासाची पुठ्ठ्याची ट्यूब, एकूण लांबी १२० सेंमी, प्लायवूडचे तीन फिन (शेपटीचे पंख) जे ट्यूबला पाडलेल्या खाचांतून आत मोटर माउंटपर्यंत (मोटर बसते ती आतली नळी) जातात, २९ मिमीचं माउंट आणि पोकळ प्लास्टिकचा नोज कोन, म्हणजे नाक. दिसायला एकदम झकास झालंय हे आधीच सांगते, कारण पुढे सगळी रडकथा आहे.

तर झालं असं की मॅन्युअलमधे मोटरशिवाय वजन ५६० ग्रॅम लिहिलंय आणि माझं भरलं ७३५. इपॉक्सी जरा सढळ हाताने वापरली हे कबूल, फिनच्या बाहेरून फिलेट (सांध्याच्या कोपऱ्यात ओढलेली इपॉक्सीची कड) दिले, मग आतूनही दिले, मग परत वाटलं कमी पडलं म्हणून अजून एक थर, वरून प्रायमर दोन हात आणि रंग तीन हात. आता एफ ५०-६ मोटर आत घालून पट्टीच्या धारेवर तोलून बघितलं तर तोल नाकाच्या टोकापासून ८८ सेंमीवर येतोय, आणि ओपनरॉकेट या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमधे सीपी (हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू) ९३ सेंमीवर दाखवतंय. म्हणजे सीजी (तोलाचा बिंदू) पुढे आहे, बरोबर? मग स्टेबल आहे ना? की ५ सेंमी कमी पडतात?

माझ्याकडे एफ ५०-६ आणि जी ८०-१० अशा दोन मोटरी आहेत. रॉकेट जड झालंय तर पहिल्याच उड्डाणाला जी टाकावी असं माझं मत आहे कारण ताकद जास्त. घरचे म्हणतात एवढे दिवस घालवलेत तर एकदाच काय ते जोरात उडव. लाँचपॅड माझा जुनाच आहे, ३ मिमीची ९० सेंमी सळई आणि चार पेन्सिल सेलवाला कंट्रोलर. तो चालेल का हेही सांगा.

मोटरमाउंट:
अहो दादा, जड झालंय यापेक्षा कुठे जड झालंय ते महत्त्वाचं. तुमचं सगळं जास्तीचं वजन शेपटीत गेलंय. सीजी पुढे आणि सीपी मागे एवढं पुरत नाही, दोघांत निदान एका व्यासाचं अंतर लागतं, त्याला एक कॅलिबर म्हणतात. तुमचा व्यास ६.६ सेंमी आणि अंतर ५, म्हणजे पाऊण कॅलिबर. बिनवाऱ्याच्या दिवशी कदाचित सरळ जाईलही, पण कदाचितवर एवढ्या दिवसांची मेहनत लावू नका.

आता जी चं बघा. ती मोटर तुमच्या एफ पेक्षा अंदाजे ४०-४५ ग्रॅम जड असणार आणि ते सगळं वजन पार शेवटच्या टोकाला, म्हणजे सीजी अजून सव्वा सेंमी मागे सरकला. उरलं जेमतेम अर्धा कॅलिबर. ताकद जास्त म्हणून जी टाकायची म्हणताय आणि त्याच जी ने रॉकेट जास्त डळमळीत होतंय, ही गंमत लक्षात घ्या.

उपाय सोपा आहे, नाकात वजन टाका. गणित करून दाखवतो म्हणजे पुढच्या वेळी स्वतःच कराल. मोटर धरून तुमचं ८२० ग्रॅम, तोल ८८ वर. नाकाच्या टोकापासून १२ सेंमीवर वजन बसवलंत असं धरू. ४० ग्रॅम टाकलं तर (८२० गुणिले ८८ अधिक ४० गुणिले १२) भागिले ८६०, उत्तर येतं साडेचौऱ्याऐंशीच्या जवळ. आता अंतर साडेआठ सेंमी, म्हणजे जवळपास १.३ कॅलिबर. झालं काम. आणि तेच ४० ग्रॅम ठेवून जी घातलीत तरी एक कॅलिबरच्या थोडं वरच राहता.

फार जास्तही टाकू नका पण. अडीच-तीन कॅलिबर झालं की रॉकेट वाऱ्यात तोंड घालतं, वरती जायचं सोडून वाऱ्याकडे वाकत जातं.

आणि ओपनरॉकेटमधे मॅन्युअलचं वजन तसंच ठेवलंय का? त्यात मास आणि सीजी ओव्हरराइड करायची, म्हणजे हाताने बदलायची सोय आहे, तिथे काट्यावरचं खरं वजन आणि पट्टीवर मिळालेला खरा तोल टाका, नाहीतर ते भलत्याच रॉकेटचं सिम्युलेशन करत बसेल.

लंबक:
दादा नाही हो, ताई :) पण गणिताबद्दल खूप आभार, असं कुणी सांगितलंच नव्हतं. नाकात वजन कसं बसवू? इपॉक्सीत छर्रे कालवून ओतू का?

डिले_आठ:
ताई थांबा, नुसतं ओतू नका. हे पोकळ प्लास्टिकचे नोज कोन बहुतेक पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्याला इपॉक्सी धरतच नाही. वाळल्यावर आत अख्खा गोळा सुटतो आणि खुळखुळ्यासारखा वाजतो, मग इजेक्शनच्या (पॅराशूट, म्हणजे आपली छत्री, बाहेर फेकणाऱ्या चार्जच्या) झटक्याला तोच गोळा बुडाला भोक पाडून बाहेर. आतून सँडपेपरने चांगलं खरवडा आणि जिथे गोळा बसणार तिथे बाहेरून दोन बारीक स्क्रू आरपार आत घाला म्हणजे इपॉक्सी त्या स्क्रूंभोवती आवळून बसेल. डोकी घासून वर पुट्टी मारली की दिसतही नाहीत. आणि एकदम सगळं ओतू नका, इपॉक्सी जाड गोळ्यात फार तापते, मी एकदा नाक वितळवून बसलोय.

आता मोटरबद्दल. आधी ते नाव नीट वाचायला शिका, अक्षर म्हणजे एकूण इम्पल्स (जोर गुणिले वेळ), प्रत्येक अक्षराला वरची मर्यादा दुप्पट होते, एफ म्हणजे ४० ते ८० न्यूटन-सेकंद आणि जी म्हणजे ८० ते १६०. त्यापुढचा आकडा सरासरी थ्रस्ट (जोर) न्यूटनमधे, आणि शेवटचा आकडा मोटर जळून संपल्यावर छत्री फेकणारा चार्ज किती सेकंदांनी उडणार तो, म्हणजे डिले. सगळे पहिल्या दोन गोष्टींवर भांडतात आणि रॉकेटं मरतात तिसऱ्या आकड्याने.

वजन टाकल्यावर तुमचं ८६० ग्रॅम म्हणजे साधारण ८.४ न्यूटन. एफ ५० ने थ्रस्ट आणि वजनाचं गुणोत्तर जवळपास ६ येतं, ५ च्या वर पाहिजे असा आमचा नियम, म्हणजे एफ पुरेशी आहे, जोरात वगैरे काही नको. मी तुमचे आकडे घालून ढोबळ काढलं तर एफ वर २३०-२४० मीटर उंची आणि मोटर संपल्यापासून शिखरापर्यंत सहाच्या आत-बाहेर सेकंद. तुमचा डिले ६. यापेक्षा चांगला योग काय हवा.

जी वर मात्र शिखर साधारण ८ सेकंदांनी येतंय आणि तुमचा डिले १०. म्हणजे रॉकेट शिखर ओलांडून दोन सेकंद नाक खाली करून पडतंय, ताशी ७० किमीच्या आसपास वेग घेतंय, आणि मग छत्री उघडणार. तेवढ्या झटक्याला शॉक कॉर्ड (नोज कोन आणि ट्यूबला जोडणारी दोरी) पुठ्ठ्याची ट्यूब वरून खाली फाडत जाते, चेन उघडावी तशी, म्हणून त्याला झिपर म्हणतात. तुमची जी जर डिले कमी करता येणारी असेल तर त्यासाठीचं टूल मिळतं, त्याने डिलेच्या मसाल्याला ठराविक खोल भोक पाडून २ सेकंद कमी करता येतात. मोटरबरोबरच्या कागदावर लिहिलेलं असेल तरच हां, नसेल तर हात लावू नका.

गोंदवाला:
मला एक कळत नाही, पुठ्ठ्याची ट्यूब आणि लाकडी फिन, तर इपॉक्सी कशाला? साधा लाकडाचा गोंद कागदात मुरतो आणि सांधा ट्यूबपेक्षा मजबूत होतो, ओढून बघा, सांधा सुटत नाही, पुठ्ठाच सोलून येतो. वजन नगण्य. इपॉक्सीचा मोह सगळ्यांना होतो आणि सगळ्यांची शेपूट जड होते. (माझं मत विचारलं नव्हतं हे माहितीये.)

मोटरमाउंट:
गोंदवाले, अर्धं मान्य. कागद-लाकूड सांध्याला गोंदच, पण बाहेरचा फिलेट गोंदाने दिला की वाळताना आकसतो, तीन-चार वेळा द्यावा लागतो आणि मधे बुडबुडे. फिलेटला हलकी इपॉक्सी बरी, फक्त बोटाने ओढून जेवढी राहील तेवढीच. आणि मोटर रिटेनरचं (मोटर मागून निसटू न देणारं) धातूचं कडं बसवताना उष्णता सोसणारी मेटल इपॉक्सीच लागते, तिथे गोंदाचं काही चालत नाही. ताई, रिटेनर आहे ना तुमच्याकडे?

लंबक:
किटमधे तार वाकवलेला हुक होता तो नीट बसेना म्हणून काढून टाकला. छोट्या रॉकेटांना मी मोटरवर मास्किंग टेप गुंडाळून घट्ट दाबून बसवायचे, तसंच करणार होते...

डिले_आठ:
नको नको नको. यावर माझी स्वतःची गोष्ट ऐका. माझं दुसरंच मिड-पॉवर, टेप गुंडाळून मोटर दाबून बसवली, हलवून बघितली, पक्की वाटली. गेलं मस्त सरळ. वरती फट् असा आवाज आला, धुराचा पुंजका दिसला, आम्ही सगळे छत्री शोधतोय. चार्जचा दाब जिथून वाट सापडेल तिथून जातो, नोज कोन जास्त घट्ट होता आणि मोटर कमी घट्ट, तर मोटरच मागून बाहेर पडली आणि छत्री आतच राहिली. रॉकेट बाणासारखं खाली आलं आणि पुढची फूटभर ट्यूब जमिनीत. कुणाच्या डोक्यात गेलं नाही हे नशीब. त्या दिवसापासून फिरकीचा रिटेनर लावल्याशिवाय मी काही उडवत नाही.

नोज कोनची घट्टाई कशी बघायची ते पण सांगतो. रॉकेट नोज कोनला धरून उचला, खालचा भाग सुटून पडायला नको, पण उचलून दोनदा झटका दिला की निसटायला हवा. सैल असेल तर कोनच्या ट्यूबमधे जाणाऱ्या खांद्यावर टेपची एक पट्टी, घट्ट असेल तर सँडपेपर.

सरळरेषा:
लाँचपॅडबद्दल कुणीच बोललं नाही. ती ३ मिमीची सळई छोट्या रॉकेटांना ठीक, ८६० ग्रॅमला नाही. रॉकेट सुटताना सळई चाबकासारखी वाकते आणि सुटताना भलत्याच दिशेला ढकलते. निदान ६ मिमीची हवी, आणि खरं सांगायचं तर अॅल्युमिनियमची रेल (खाच असलेला खांब) आणि रॉकेटला त्या खाचेत सरकणारी दोन रेल बटणं, पैसे फुकट जाणार नाहीत.

लांबी का लागते तेही सांगतो. फिन काम करतात ते हवेच्या वेगावर, उभ्या रॉकेटला फिन म्हणजे नुसती शोभा. सुटताना १३ ते १५ मीटर प्रति सेकंद वेग तरी असावा. तुमचा सरासरी थ्रस्ट ५० धरला तर १ मीटरवर वेग १० च्याही खाली येतो, १.८ मीटरवर १३ होतो. म्हणजे ९० सेंमीच्या सळईवरून तुमचं रॉकेट रांगतच सुटणार. आणि रेलची लांबी मोजताना पॅडपासून मोजू नका, वरचं बटण रेलमधून बाहेर पडलं की रॉकेट हलायला मोकळं, तिथपर्यंतच मोजा. म्हणून वरचं बटण फार वर लावायचं नाही, सीजीच्या आसपास ठीक.

कंट्रोलर पण बदला. या साइजच्या मोटरी बहुतेक कॉम्पोझिट मसाल्याच्या असतात, छोट्यांमधल्या काळ्या पावडरसारख्या खालून पेटत नाहीत. इग्नायटर (विजेवर पेटणारी वात) मसाल्याच्या मधल्या भोकातून पार वरच्या टोकाला टेकेपर्यंत आत जायला हवा, आणि त्याला १२ व्होल्टची दणदणीत बॅटरी हवी. पेन्सिल सेलवर तुम्ही बटण दाबून बसाल आणि वारा आपला शांतपणे वाढत जाईल. वायर पण लांब घ्या. अमेरिकेतल्या एनएआर या हौशी रॉकेटवाल्यांच्या संघटनेच्या सेफ्टी कोडमधे डी पर्यंत १५ फूट आणि त्यापुढे ३० फूट लांब उभं राहायला सांगितलंय, म्हणजे ९ मीटर. मैदानासाठी जी पर्यंत कमीत कमी ३०० मीटर. आणि तुम्ही राहता तिथले उडवण्याचे आणि मोटर बाळगण्याचे नियम आधी बघा, ते सगळीकडे वेगळे असतात.

नवा_गडी:
मधेच विचारतो, रागावू नका. मोटरी एवढ्या कटकटीच्या आहेत तर मसाला घरीच बनवून ट्यूबमधे ठासला तर? व्हिडिओ आहेत बरेच.

मोटरमाउंट:
नाही. आणि यावर चर्चा पण नको. हा छंद मुळात उभा राहिला तोच ते टाळायला. १९५० च्या दशकात पोरं घरात मसाले ठासून बोटं आणि डोळे घालवत होती, तेव्हा ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या बुटांच्या दुकानदाराने आधीच तयार केलेली, बदलता येणारी मोटर असलेलं रॉकेट तयार केलं आणि १९५७ मधे जी. हॅरी स्टाइन यांना पाठवलं. स्टाइन तेव्हा व्हाइट सँड्स या अमेरिकेतल्या चाचणी तळावर खऱ्या रॉकेटांवर काम करत होते, त्यांना पण हेच पटलं. तयार मोटर घ्यायची, रॉकेट आपण बांधायचं. एवढीच अट आहे आणि ती पाळा.

लंबक:
बरं, रिटेनर मागवला, रेल एका ओळखीच्यांकडून उसनी मिळतेय. छत्रीचं राहिलं. किटमधे ६० सेंमीची सपाट प्लास्टिकची आहे.

सरळरेषा:
ती ५६० ग्रॅमच्या हिशोबाने दिलेली. मोटर जळून तुमचं खाली येताना ८१० ग्रॅमच्या आसपास असेल, सपाट छत्रीचा सीडी (हवेच्या अडथळ्याचा गुणांक) ०.७५ धरला तर ६० सेंमीवर वेग जवळपास ८ मीटर प्रति सेकंद. एवढ्यात प्लायवूडचा फिन वाचेल पण सांधा तडकेल. ७५ सेंमीची कापडी घ्या, ६ च्या थोडं वर येईल. फार मोठी पण नको, मग तासभर चालत जा आणायला. जी वर ४८० मीटरवरून त्याच छत्रीने यायला सव्वा मिनिट लागेल, वारा ४ मीटर प्रति सेकंद असेल तर ३०० मीटर लांब. एफ वर त्याच्या निम्म्यात. अजून एक कारण पहिली एफ टाकायचं.

छत्रीखाली आगरोधक कापडाचा तुकडा किंवा वॅडिंग (आगरोधक कागदाचे बोळे), नाहीतर चार्जने छत्री वितळून गठ्ठा होतो. टाल्कम पावडर शिंपडून घडी घाला आणि घडी लाँचच्या आधी घाला, आदल्या रात्री नाही. रात्रभर दाबून ठेवलेली छत्री सकाळी उघडायला आळस करते.

लंबक:
उडवलं!!! लांबलचक लिहितेय, सोडून द्या ज्यांना वेळ नाही.

नाकात ४० ग्रॅम, दोन स्क्रू घालून, थोडं थोडं ओतून. नवीन छत्री, कापड, रिटेनर सगळं धरून एफ मोटरसकट ८७० भरलं. तोल परत बघितला तर साडेचौऱ्याऐंशीच्या जरासा पुढे. गणित जमलं की एवढा आनंद होतो हे शाळेत का नाही सांगत कुणी.

रेल उभी केली, सगळे लांब, उलटी गणती, बटण दाबलं आणि फुस्स. खालून थोडा धूर आणि बस. मी लगेच पळायला निघाले तर ज्यांची रेल ते काका ओरडले, आधी बॅटरी काढ आणि एक मिनिट थांब. थांबलो ६० सेकंद, कधी नव्हे एवढं लांब मिनिट. बघितलं तर इग्नायटर सरकून दोनेक सेंमी खाली आला होता आणि तिथेच जळून गेला. क्लिपांच्या वजनाने ओढला गेला असणार, टेप लावायला विसरले. दुसरा घातला, आत टेकेपर्यंत ढकलला, नखाने वायरवर खूण केली, टेप लावली.

आणि मग गेलं ते. छोट्या रॉकेटांचा तो सुर्रकन आवाज असतो ना, तसा नाहीच, फाडल्यासारखा आवाज येतो आणि रॉकेट रेलवरून सुटताना डोळ्याला दिसतं, पहिला अर्धा सेकंद अगदी नीट दिसतं. वाऱ्याकडे जरासं वाकलं, वारा ३ मीटरच्या आसपास होता. मग मोटर संपली, शांत, आणि ती सहा सेकंदं. डिले_आठ, तुमची मोटर बाहेर पडल्याची गोष्ट बरोब्बर तेव्हाच आठवली मला. फट् वाजलं आणि छत्री उघडली, शिखरावरून नुकतंच वळत होतं तेव्हा. अल्टीमीटरने २२१ मीटर दाखवले. वाऱ्याकडे वाकलं होतं आणि छत्री वाऱ्याबरोबर परत आली, त्यामुळे पॅडपासून फक्त साठ-सत्तर पावलांवर उतरलं, चालायला पण लागलं नाही.

एका फिनच्या कोपऱ्याचा रंग उडालाय. फिलेटला काही झालं नाही (गोंदवाले, बघा, इपॉक्सी).

गोंदवाला:
अभिनंदन ताई. इपॉक्सी जास्त नसती तर २७० गेलं असतं, एवढंच म्हणतो.

डिले_आठ:
मस्तच! ट्यूबच्या तोंडाला झिपर झालाय का ते बघा, नुसतं वरून नाही, बोट फिरवून.

लंबक:
बोट फिरवलं. ५ मिमी चिरलंय, शॉक कॉर्ड जिथून बाहेर येते तिथेच. पातळ सुपरग्लू मुरवून घासून टाकलं. जी चा कागद काढून वाचला, डिले कमी करता येतो त्यात, टूल मागवलंय.

मोटरमाउंट:
सुपरग्लू धरून परत वजन करा :)